वायहेके बेटावरच्या रेड वाइन : चाखण्याची आणि गुण देण्याची पद्धत

न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या धक्क्यावरून निघालेली बोट साधारण चाळीस मिनिटांत वायहेके बेटाच्या मतियातिया धक्क्याला लागते. तिथून थोडे वर गेले की टेकड्यांच्या उतारावर द्राक्षवेलींच्या रांगा दिसू लागतात, खाली निळी खाडी असते, आणि मळ्यातला माणूस आपुलकीने एकेक ग्लास पुढे करत असतो. अशा जागी चाखलेली वाइन सहसा वाईट लागत नाही. काही वर्षांपूर्वी तिथल्या एका मळ्यात बसून मी कॅबर्ने आणि मर्लो या द्राक्षांच्या एका मिश्रणाला २० पैकी साडेअठरा गुण दिले आणि दोन बाटल्या घरी आणल्या. दोन महिन्यांनंतर लेबले झाकून, इतर पाच वाइनच्या रांगेत ठेवून तीच वाइन चाखली, तेव्हा माझ्याच हाताने कागदावर साडेपंधरा लिहिले गेले. बाटलीत काही दोष असेल असे वाटून पुढच्या आठवड्यात दुसरी बाटली तशीच झाकून उघडली, तर तिला सोळा मिळाले. वाइन वाईट नव्हती, चांगलीच होती. वरचे अडीच-तीन गुण त्या टेकडीचे आणि त्या दुपारचे होते.

लहान बेटावरच्या वाइनला गुण देताना हीच खरी अडचण येते. जागा इतकी सुंदर असते, उत्पादन इतके थोडे असते आणि किंमत इतकी चढी असते की ग्लास नाकाशी नेण्याआधीच मन झुकलेले असते. म्हणून पुढे सांगितलेल्या पद्धतीचा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे : आधी शब्द लिहावेत, मग अंक लिहावा, आणि नाव व किंमत सगळ्यात शेवटी पाहावी. चार-सहा मित्रमंडळींनी घरी बसून करण्यासारखी ही पद्धत आहे. ऑकलंडमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांना या बाटल्या सहज मिळतात, पण दुसऱ्या कोणत्याही छोट्या प्रदेशाच्या वाइनलाही ती जशीच्या तशी लागू पडते.

आधी बेट समजून घ्यावे

वायहेके हे हौराकी आखातातले सुमारे ९२ चौरस किलोमीटरचे बेट आहे. आधुनिक काळात इथे द्राक्षवेल रुजवण्याचे श्रेय गोल्डवॉटर दांपत्याकडे जाते, कारण त्यांनी १९७८ साली पहिली लागवड केली. त्यानंतर १९८२ मध्ये स्टीफन व्हाइट यांनी स्टोनीरिज मळा सुरू केला आणि त्यांच्या ‘लारोझ’ या मिश्रणाने, विशेषतः १९८७ सालच्या वाइनने, बेटाचे नाव न्यूझीलंडबाहेर नेले. या मंडळींपुढे आदर्श होता तो फ्रान्सच्या बोर्दो प्रदेशाचा. त्यामुळे कॅबर्ने सॉव्हिन्यो, मर्लो, कॅबर्ने फ्राँ, माल्बेक आणि पेती व्हर्दो ही पाच बोर्दोची द्राक्षे इथे रुजली. पुढे सिरा या द्राक्षाने आपली जागा केली आणि आज माझ्या मते बेटाची सर्वांत भरवशाची रेड वाइन सिराचीच असते, कारण कॅबर्ने सॉव्हिन्योला पिकायला लागणारी लांब, कोरडी शरद इथे दर वर्षी मिळतेच असे नाही.

माती बहुतेक ठिकाणी ग्रेवॅक नावाचा जुना खडक झिजून तयार झालेली चिकणमाती आहे, तर पूर्व टोकाकडे ज्वालामुखीचे खडकही आढळतात. भोवतालचा समुद्र रात्रीचा गारवा मऊ करतो, त्यामुळे द्राक्षे सावकाश पण सलग पिकत जातात. तोडणी साधारण मार्च-एप्रिलमध्ये होते आणि नेमके तेव्हाच उत्तरेकडून येणारी वादळी पावसाची लाट सगळे गणित बिघडवू शकते. २०१३ साली न्यूझीलंडच्या संपूर्ण उत्तर बेटावर (नॉर्थ आयलंडवर) दुष्काळ जाहीर झाला होता. शेतकऱ्यांना ते वर्ष जड गेले, पण रेड वाइनसाठी ते उत्तम ठरले. २०१७ च्या एप्रिलमध्ये मात्र डेबी आणि कुक या दोन वादळांच्या अवशेषांनी भर तोडणीत पाऊस आणला, आणि २०२३ च्या सुरुवातीला ऑकलंडमधल्या महापुरापाठोपाठ गॅब्रिएल चक्रीवादळ आले. हे सांगण्याचे कारण असे की लहान बेटावर मळ्याच्या नावाइतकेच, कधी कधी त्याहूनही जास्त, वर्ष महत्त्वाचे असते. मोठ्या प्रदेशातला उत्पादक बिघडलेल्या भागाची द्राक्षे बाजूला ठेवून दुसऱ्या भागातली वापरू शकतो. बेटावरच्या पाच-सात एकरांच्या मालकाला ती सोय नसते. तो फार तर त्या वर्षी मिश्रणातले लवकर पिकणारे मर्लो वाढवतो आणि कॅबर्ने कमी करतो, म्हणजे एकाच लेबलखालची वाइन वर्षागणिक वेगळी असते.

बाटल्या निवडणे

सहा ग्लास पुरेसे होतात. त्याहून जास्त झाले तर सातव्या ग्लासापर्यंत जीभ टॅनिनने, म्हणजे द्राक्षातल्या तुरट द्रव्याने, आखडून गेलेली असते आणि तिचा निवाडा विश्वासाचा राहत नाही. या सहांपैकी चार ग्लासांसाठी बेटावरच्या चार बाटल्या घ्याव्यात, पाचवी बाटली मापदंड म्हणून बाहेरची घ्यावी आणि सहावा ग्लास पहिल्या चारांपैकीच एकीचा, वेगळ्या क्रमांकाखाली भरावा. या सहाव्या ग्लासाचे महत्त्व पुढे स्पष्ट होईल. तो भरण्यासाठी वेगळी बाटली लागत नाही, म्हणजे खर्चही पाचच बाटल्यांचा येतो.

मापदंडाची बाटली त्याच द्राक्षाची आणि साधारण त्याच वयाची असावी. सिरा चाखायच्या असतील तर न्यूझीलंडच्याच हॉक्स बे प्रदेशातल्या गिम्ब्लेट ग्रॅव्हल्स भागातली एक सिरा उत्तम जोडीदार ठरते. बोर्दो पद्धतीची मिश्रणे असतील तर बोर्दोच्या मेदोक भागातली मध्यम किमतीची बाटली घ्यावी. ज्यांची जीभ नाशिकच्या शिराझवर तयार झाली आहे त्यांनी एखाद्या वेळी तीही रांगेत ठेवून पाहावी. शिराझ आणि सिरा ही एकाच वेलाची दोन नावे आहेत, परंतु नाशिकला द्राक्षे साधारण जानेवारी ते मार्च या काळात, चढत्या उन्हात तोडली जातात, तर वायहेकेला ती उतरत्या उन्हात पिकतात. हा फरक ग्लासात शोधणे हा फार चांगला अभ्यास आहे.

लेबल नीट वाचून घ्यावे. न्यूझीलंडच्या नियमानुसार लेबलावर प्रदेश, द्राक्ष किंवा वर्ष छापलेले असेल तर बाटलीतली किमान ८५ टक्के वाइन त्या प्रदेशाची, त्या द्राक्षाची आणि त्या वर्षाची असावी लागते. बेटावरच्या दुकानात मिळणारी प्रत्येक बाटली बेटावरच्या द्राक्षांचीच असते असा समज मात्र करून घेऊ नये, कारण मळेवाल्यांना इतर प्रदेशांतली द्राक्षे विकत घेण्यास मनाई नाही. ‘वायहेके आयलंड’ हे शब्द लेबलावर स्पष्ट छापलेले असतील तरच ती बाटली या रांगेत घ्यावी.

मांडणी

न्यूझीलंडमधल्या बहुतेक बाटल्यांना २००१ पासून रुळलेले फिरकीचे झाकण असते, पण बेटावरच्या काही महागड्या मिश्रणांना अजूनही बूच असते. जुनी बाटली असेल तर आदल्या दिवशी उभी करून ठेवावी, म्हणजे गाळ तळाशी बसतो. फेब्रुवारीत, म्हणजे तिथल्या उन्हाळ्यात, घरातली हवा पंचवीस अंशांच्या आसपास असते आणि त्या तापमानाला रेड वाइनमधला अल्कोहोल नाकात चढतो, म्हणून बाटल्या वीस ते तीस मिनिटे फ्रिजमध्ये ठेवून सोळा ते अठरा अंशांवर आणाव्यात. ग्लास सगळे एकाच आकाराचे, वर निमुळते होत जाणारे आणि रिकामे असताना कसलाही वास न येणारे असावेत. कपाटात उलटे ठेवलेले ग्लास लाकडाचा किंवा कागदाचा वास धरतात, तेव्हा आधी गरम पाण्याने विसळून ते पंख्याखाली कोरडे करावेत.

आपल्या घरांत आणखी एक काळजी घ्यावी लागते. त्या दिवशी दुपारनंतर स्वयंपाकघरात फोडणी होऊ देऊ नये, उदबत्ती लावू नये, अत्तर टाळावे. हिंगाचा वास पडद्यांत तासन्तास राहतो आणि सिरातल्या मिरीच्या गंधाशी तो सरळ भांडतो. जेवण चाखणे संपल्यावर करावे. मध्ये तोंड साफ करायला पाणी आणि साधा, बिनलोण्याचा पाव एवढेच ठेवावे.

चाखण्यात भाग न घेणाऱ्या कोणीतरी बाटल्या वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून त्यांना क्रमांक द्यावेत. झाकणे आणि बुचेही लपवावीत, कारण नुसत्या झाकणावरूनही माणूस अंदाज बांधतो. हलकी व तरुण वाइन आधी आणि जाड, टॅनिनची वाइन शेवटी, हा क्रम त्याच व्यक्तीने लेबल वाचून लावावा. प्रत्येकाला चाळीस मिलिलिटर पुरते. सहा जणांत एका बाटलीतले दोनशे चाळीस मिलिलिटर जातात आणि दुसऱ्या दिवसासाठी भरपूर उरते.

थुंकण्यासाठी प्रत्येकासमोर एक उंच पेला ठेवावा. याला संकोचू नये. साडेतेरा टक्क्यांच्या वाइनच्या चाळीस मिलिलिटरमध्ये सुमारे सव्वाचार ग्रॅम अल्कोहोल असतो, म्हणजे सहा ग्लास गिळले तर पंचवीस ग्रॅमच्या वर, न्यूझीलंडच्या मोजणीने अडीच ‘स्टँडर्ड ड्रिंक’ पोटात जातात. त्यानंतरचे गुण उदार होतात आणि गाडी चालवणेही उचित राहत नाही.

डोळा आणि नाक

पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरावा आणि मधला रंग व कडेचा रंग वेगवेगळा पाहावा. तरुण सिराची कड जांभळट असते, पाच-सात वर्षांच्या कॅबर्ने मिश्रणाची कड विटकरीकडे झुकते. दोन वर्षांच्याच वाइनची कड विटकरी दिसली तर ती वेळेआधी म्हातारी झाली आहे, अशी नोंद करावी. रंगाच्या गडदपणाला मात्र गुण देऊ नयेत. ती फार जुनी चूक आहे, कारण माल्बेकचे दहा टक्के घातले तरी रंग गडद होतो आणि चव तेवढीच राहते.

नाकाचे काम दोन टप्प्यांत करावे. पहिल्यांदा ग्लास न हलवता एक छोटा हुंगा घ्यावा आणि मनात आलेला पहिला शब्द लगेच लिहावा. मग ग्लास फिरवून दुसरा, लांब हुंगा घ्यावा. तिसऱ्या-चौथ्या हुंग्यापर्यंत नाक त्या गंधाला सरावते आणि काहीच येईनासे होते. अशा वेळी स्वतःच्या हाताची त्वचा हुंगावी, अर्धा मिनिट थांबावे, नाक पुन्हा जागे होते.

शब्द आपल्या जिभेचे वापरावेत. इंग्रजी पुस्तकांतले ब्लॅककरंट आपल्यापैकी अनेकांनी कधी खाल्लेले नसते, आणि न खाल्लेल्या फळाची आठवण नाक कुठून आणणार? पिकलेले जांभूळ, करवंद, तुती, भिजवलेल्या मनुका, आमसूल, सुकी तंबाखू, देवदाराची पेटी, पहिल्या पावसाची माती, काळी मिरी, लवंग : एवढ्या शब्दांत वायहेकेची बहुतेक रेड वाइन मांडता येते. आमच्या बैठकीत एका काकूंनी एका सिराबद्दल ‘करवंदाच्या जाळीत हात घातल्यावर बोटांना येतो तो वास’ असे लिहिले होते. त्यातला हिरवट चीक, पिकलेले फळ आणि ऊन हे सगळे त्या ग्लासात खरोखर होते.

दोन गंधांबद्दल विशेष सांगायला हवे. पहिला मिरीचा. सिरातला मिरीचा गंध रोटंडोन नावाच्या रेणूमुळे येतो, हाच रेणू खऱ्या काळ्या मिरीतही असतो. पण ऑस्ट्रेलियातल्या संशोधनात असे आढळले की साधारण पाचात एका माणसाला तो जाणवतच नाही. तेव्हा टेबलावरच्या एखाद्याला सिरात मिरी सापडत नसेल तर त्याची चूक काढू नये, आणि त्यानेही त्या वाइनला ‘साधी’ म्हणून गुण कापण्याआधी आपल्या नाकाची ही मर्यादा ध्यानात घ्यावी. दुसरा गंध हिरव्या ढोबळी मिरचीचा. तो कॅबर्नेच्या कुळातल्या द्राक्षांत असतोच, द्राक्ष पिकत जाते तसा घटतो. थंड किंवा ओल्या वर्षी तो जास्त उरतो. फळाच्या मागे हलकासा असेल तर तो ताजेपणा देतो, पण फळाच्या पुढे येऊन बसला तर द्राक्षे अपुरी पिकल्याची ती खूण असते आणि गुण कमी व्हायला हवेत.

दोष ओळखणे हेही याच टप्प्यावरचे काम आहे. ओल्या पुठ्ठ्याचा, बंद तळघराचा वास हा बुचातून आलेला दोष असतो. तो ग्लास फिरवल्याने जात नाही, उलट वाढतो. तबेल्याचा किंवा औषधी चिकटपट्टीचा वास ब्रेटानोमायसिस या यीस्टचा. नखांचा रंग काढण्याच्या द्रवासारखा झणझणीत वास म्हणजे वाइन व्हिनेगरकडे निघाली आहे. विझलेल्या काडीचा किंवा अंड्याचा वास मात्र फिरकीच्या झाकणाखाली कोंडलेल्या वाइनला पुष्कळदा येतो आणि दहा मिनिटे हवा लागली की निघून जातो, म्हणून तेवढ्यावर घाईने निकाल देऊ नये. बुचाचा दोष निघाला तर त्या बाटलीला गुणच देऊ नयेत, ‘सदोष बाटली’ असे लिहून ती रद्द करावी. तो दोष मळ्याचा नसतो.

घोट

एक चमचाभर वाइन तोंडात घेऊन ती जिभेभोवती आणि हिरड्यांवर फिरवावी, ओठांतून थोडी हवा आत ओढावी आणि दहाएक सेकंदांनी थुंकावी. या वेळात चार गोष्टींकडे क्रमाने लक्ष द्यावे.

आंबटपणा तोंडाला सुटणाऱ्या पाण्यावरून मोजता येतो. अल्कोहोल घशात ऊब देतो, ऊब जाळायला लागली तर तोल गेला आहे. फळाचा कस म्हणजे घोटाच्या मध्यभागी तोंड भरल्यासारखे वाटणे. ओल्या वर्षांतल्या वाइन नाकाला छान असूनही नेमक्या इथे पोकळ निघतात, सुरुवात आणि शेवट असतो पण मधले अंग नसते.

टॅनिनवर थोडे थांबायला हवे, कारण वायहेकेच्या कॅबर्ने मिश्रणांचा निकाल बहुधा त्यावरच लागतो. टॅनिन ही चव नसून स्पर्श आहे : लाळेतल्या प्रथिनांना ते पकडते आणि तोंड कोरडे पडते. ते ओळखण्याचा सराव आपल्याकडे फार सोपा आहे. पाच मिनिटे उकळलेला कोरा चहा, कच्चट जांभूळ आणि काजूचे बोंड या तिन्हींचा तुरटपणा वेगळा असतो. चहाचा कोरडा, चरचरीत, जांभळाचा जिभेला आवळून धरणारा, बोंडाचा घशापाशी खाजरा. पिकलेल्या द्राक्षाचे टॅनिन धुतलेल्या मऊ खादीसारखे सगळ्या तोंडावर सारखे पसरते. अपुऱ्या पिकलेल्याचे हिरड्यांवरच अडते आणि तिथेच खरखरत राहते. म्हणून ‘टॅनिन जास्त की कमी’ याआधी ‘टॅनिन कुठे लागते आणि कसे लागते’ हे लिहावे. तरुण वाइनमध्ये पुष्कळ पण मऊ टॅनिन असणे हा गुण आहे.

थुंकल्यानंतर मनात सेकंद मोजावेत. फळाची चव पाच सेकंदांत विरली तर वाइन साधी, पंधरा सेकंद टिकली तर चांगली, त्यापुढे गेली तर खास. नुसता तुरटपणा किंवा ओकच्या पिंपाचा व्हॅनिलासारखा वास मागे राहिला तर तो या मोजणीत धरू नये. समुद्राजवळच्या वाइनला ‘खारी झुळूक’ असल्याचे अनेक वर्णनांत असते. झाकलेल्या ग्लासात ती जिभेला खरेच जाणवली तरच लिहावी.

अंक

आम्ही वापरतो तो तक्ता वीस गुणांचा आहे : रंग व स्वच्छता १, गंध ५, चव आणि बांधणी ८, घोटानंतरची लांबी ३, आणि तोल व पुढे मुरण्याची ताकद ३. अर्धा गुण देता येतो, पाव नाही. शंभर गुणांची पद्धत जगभर जास्त चालते, परंतु घरगुती चाखणीत ९१ आणि ९२ यांतला फरक कोणालाच सांगता येत नाही, आणि जो फरक सांगता येत नाही तो लिहू नये. साडेअकरा किंवा त्याखाली दोष, बारा ते साडेतेरा पिण्याजोगी, चौदा ते साडेपंधरा चांगली, सोळा ते साडेसतरा फार चांगली, अठरा किंवा त्यावर असाधारण, अशी सीमा आधीच ठरवून कागदावर वर लिहून ठेवावी.

सगळे लिहून होईपर्यंत कोणी बोलू नये. घरातल्या ज्येष्ठाने ‘वा!’ म्हटले की बाकीच्यांचा एकेक गुण वाढतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. कागद गोळा झाल्यावर प्रत्येक वाइनची सरासरी काढावी आणि तिच्या शेजारी सर्वांत जास्त व सर्वांत कमी गुणही लिहावेत. साडेपंधरा सरासरी, सगळे पंधरा ते सोळाच्या आत, ही एक वाइन झाली. साडेपंधराच सरासरी, पण एकाचे बारा आणि एकाचे साडेअठरा, ही पूर्ण वेगळी वाइन आहे, आणि तिच्यावर चर्चा तिथूनच सुरू करावी.

आता तो सहावा ग्लास. एकच वाइन दोन क्रमांकांखाली आली होती. तुमच्या दोन नोंदींतला फरक एका गुणाच्या आत असेल तर तुमच्या बाकीच्या अंकांवर भरवसा ठेवता येतो. तो दीड गुणाच्या पुढे गेला तर त्या संध्याकाळचे तुमचे अंक सरासरीत धरू नयेत, शब्द मात्र ठेवावेत. मापदंडाच्या बाटलीचेही असेच : मागच्या तीन बैठकींत जिला साधारण साडेपंधरा मिळत आले तिला आज साडेसतरा मिळाले असतील, तर आज सगळेच टेबल उदार आहे आणि बेटाच्या वाइनही त्याच मापाने खाली घ्याव्यात.

यानंतर बाटल्यांवरचे कागद सोडावेत, नावे पाहावीत आणि सगळ्यात शेवटी किंमत. थोडी जमीन, पक्ष्यांपासून घडांना वाचवणाऱ्या जाळ्या, हाताने तोडणी आणि प्रत्येक सामान बोटीने आणण्याचा खर्च यांमुळे बेटावरची वाइन महागच असणार, हे समजण्यासारखे आहे. पण तो खर्च गुणांत मिसळू नये. ‘गुण सोळा, किमतीच्या मानाने जड’ अशी ओळ वेगळी लिहावी.

उरलेल्या बाटल्या झाकण लावून गार जागी ठेवाव्यात आणि दुसऱ्या संध्याकाळी जेवणाबरोबर पुन्हा चाखाव्यात. पहिल्या दिवशी आखडलेले कॅबर्ने मिश्रण दुसऱ्या दिवशी मटणाच्या रश्श्यासोबत मोकळे झाले, तर त्याला अजून पाच-सहा वर्षे मुरू द्यायला हरकत नाही, आणि फळ ओसरून नुसता आंबटपणा उरला तर राहिलेल्या बाटल्या याच वर्षी संपवाव्यात. हा निष्कर्ष पहिल्या दिवसाच्या अंकाखाली, वेगळ्या शाईने, तारखेसह लिहावा आणि तो कागद घडी करून त्याच वाइनच्या न उघडलेल्या बाटलीच्या मानेला रबराने बांधून ठेवावा.